पिठाचा कोंबडा आणि कागदावरचे खून

पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारी, तांदूळ निवडताना सोंडा दिसला तर बोटाच्या टोकावर उचलून अंगणात सोडून येणारी बाई रात्री अकरा वाजता उशाशी दिवा लावून खुनाची कादंबरी वाचते, याला काय म्हणायचं? आमच्याकडे बायका हा प्रश्न एकमेकींना विचारतात. कधी थट्टेत, कधी खरोखर. कांदा-बटाटा ताटात नको, पण पुस्तकात चार मुडदे पडल्याशिवाय झोप नाही! वाचणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. कुणी वाचनालयातून मराठी अनुवाद आणतात, सुना-मुली फोनवर इंग्रजी वाचतात, आणि कॉलेजातल्या नाती तर एका रात्रीत एक थ्रिलर संपवून सकाळी डोळे चोळत चहाला येतात.

या प्रश्नाची दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणजे, "अगं, गोष्टच ती. खरंच कुणाला मारलंय का?" दुसरं, "पाप ते पाप, असली पुस्तकं घरात आणूच नयेत." मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. दुसऱ्या उत्तराने तर आपली निम्मी पुराणंच घराबाहेर जातील. अंजनचोराची कथा पाठशाळेतल्या लेकरांना आपण सांगतोच की! चोर म्हटल्यावर चोरी आलीच.

पण पहिलं उत्तर, 'गोष्टच ती', हे आपल्या परंपरेत टिकत नाही. त्यासाठी यशोधर राजाची कथा आठवावी लागेल. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ती 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथात सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात सांगितली, आणि १२०९ साली जन्न कवीने कन्नडात 'यशोधर चरिते' लिहिलं. बेळगाव भागात जिथे घरात दोन भाषा नांदतात, तिथल्या थोरल्या बायकांना ही कथा निम्मी मराठीत आणि निम्मी कन्नडात ठाऊक असते. राजाला रात्री कळतं की राणी अमृतमती महालातून उठून माहुताकडे जाते. तो सकाळी आईला खरं सांगत नाही, वाईट स्वप्न पडलं एवढंच सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा म्हणतो, जीव मारणार नाही. मग मायलेकरांची तडजोड होते. पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा.

पिठाचाच तो. रक्त नाही, जीव नाही. तरी कथा काय सांगते? राणी दोघांना विष घालून मारते, आणि पुढे मायलेकरं मोर आणि कुत्रा होतात, मग आणखी कुठले कुठले जन्म घेतात, प्रत्येक जन्मी मारली जातात. लहानपणी ही कथा ऐकताना बहुतेकींना वाटतं, हा अन्याय आहे, एवढ्याशा पिठाला एवढी शिक्षा? पण कथेचं म्हणणं असं की हात पिठावर चालला तरी मनाने कोंबडाच कापला होता. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली. गिरीश कर्नाडांना या कथेने इतकं अस्वस्थ केलं की त्यांनी तिच्यावर 'हिट्टिन हुंज' हे नाटक लिहिलं. नावाचा अर्थ तोच, पिठाचा कोंबडा.

म्हणजे 'कागदावरचे खून' हे पिठाच्या कोंबड्याचेच भाऊबंद. 'खोटंच आहे' म्हणून आपली सुटका नाही. पण याच कथेत व्यभिचार आहे, विषप्रयोग आहे, मातृहत्या-पतिहत्या आहे, आणि तरी ती शेकडो वर्षं बस्तीत बसून वाचली गेली. ऐकणाऱ्याला पाप लागतं असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा गोष्टीत खून आहे की नाही, इथे मेख नाही. मेख दुसरीकडे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात याचा हिशोब मांडला आहे. मनात ठरवणं तो संरंभ, साधनं जुळवणं तो समारंभ, प्रत्यक्ष करणं तो आरंभ. (आपण लग्नाला समारंभ म्हणतो, तेव्हा हा अर्थ कुणाच्या ध्यानात नसतो हे बरंच आहे.) हे तीन मनाने, वचनाने, कायेने. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. आणि मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. जपमाळेचे मणी या हिशोबाशी जोडून सांगतात ते त्यामुळेच. रहस्यकथा वाचणारीला ही यादी ओळखीची वाटेल. कादंबरीतला फौजदार तरी दुसरं काय शोधतो? कुणी ठरवलं, हत्यार कुठून आलं, वार कुणी केला, कुणी करवला, आणि कारण काय? कारण म्हणाल तर राग, गर्व, कपट नाहीतर हाव. पाचवं कारण मला तरी अजून कुठल्या पुस्तकात भेटलेलं नाही.

वाचणाऱ्याचा संबंध या यादीतल्या एकाच शब्दाशी येतो, तो म्हणजे अनुमोदन. आपण काही करत नाही, करवतही नाही. पण पान उलटताना मनातल्या मनात 'बरं झालं मेला' म्हणतो का? प्रश्न एवढाच आहे, पण तो सोपा नाही. तो घेऊन मी अलीकडची काही पुस्तकं वाचली, त्याबद्दल लिहिते. एक सूचना मात्र आधीच देते. पुढे काही रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना ती पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी आधी ती वाचावीत, मग माझ्याशी भांडायला यावं.

आधीच्या पिढ्यांचा प्रश्न सोपा होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड दुष्टांना चांगलीच अद्दल घडवत, आणि पुस्तक संपलं की मेलेल्यांची आठवणही राहत नसे. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबाईही तशाच. लोकर विणत विणत खुनी पकडणार. तिथला मुडदा हा कोड्यातला एक चौकोन असतो, त्याचं दुःख कुणालाच फारसं होत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. मला ते वाचन निरुपद्रवी वाटतं. शब्दकोड्यावर कोण रडतं?

याच घराण्यातला आजचा लाडका लेखक म्हणजे रिचर्ड ओस्मान. त्याचं 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२० साली आलं आणि पाच वर्षांत त्याचे पाच भाग झाले. इंग्लंडच्या केंट परगण्यात कूपर्स चेस नावाची म्हाताऱ्यांची वसाहत आहे. तिथले चौघे दर गुरुवारी जमून जुने खून उकलायचा प्रयत्न करतात. एलिझाबेथ पूर्वी गुप्तहेर होती, जॉइस नर्स, इब्राहिम मनोविकारांचा डॉक्टर, रॉन कामगार पुढारी. मला जॉइस फार आवडली. ती रोजनिशी लिहिते, तिच्यात केकची पाककृती आणि खुनाचा धागा एकाच वाक्यात येतात, आणि सगळ्यांना वाटतं ही भोळी आहे. भोळी कसली! आपल्याकडे 'वृद्धाश्रम' म्हटलं की लगेच डोळ्याला पदर लावायची पद्धत आहे. इथे सत्तरी-ऐंशीतली माणसं बुद्धीने जगतात, हसतात, मरणाबद्दल न घाबरता बोलतात. सासूबाईंच्या वयाच्या बायकांना मी हे पुस्तक आवर्जून सांगते.

तरी एक खडा दाताखाली येतोच. बॉग्दान नावाचा एक उमदा पोलिश कामगार आहे. एलिझाबेथच्या आजारी नवऱ्याशी बुद्धिबळ खेळतो, सगळ्यांच्या उपयोगी पडतो. शेवटी कळतं की पहिला खून त्यानेच केलेला आहे. मेलेल्याने काही वर्षांपूर्वी त्याच्या मित्राला मारलं होतं, त्याचा सूड म्हणून. आणि मग? काही नाही. पोलिसांना कुणी सांगत नाही. पुढच्या भागांत तो सर्वांचा लाडका होऊन राहतो, एका पोलीस शिपाईणीचं प्रेमही त्याच्यावरच बसतं. आपणही खुशाल वाचत जातो, कारण मेलेला टोनी करन हा अंमली पदार्थ विकणारा गुंड होता आणि बॉग्दान चांगला आहे. २०२५ च्या चित्रपटात मात्र त्याला पोलीस घेऊन जातात. पडद्यावर ते पचलं नसावं. पुस्तकात पचतं, कारण लेखक आपल्याला हसवत हसवत मान डोलवायला लावतो. हे अनुमोदन इतकं गोड असतं की ते घशाखाली उतरल्याचंही कळत नाही.

दुसरं पुस्तक अगदी उलट. फ्रीडा मॅकफॅडन या डॉक्टरबाईंची 'द हाउसमेड' २०२२ साली आली आणि मुलींनी ती डोक्यावर घेतली. मिली नावाची तुरुंगातून सुटलेली मुलगी श्रीमंत घरात कामाला राहते. मालकीण नीना विक्षिप्त, मालक अँड्र्यू देखणा आणि समजूतदार. माळ्यावर एक खोली आहे, तिला कडी फक्त बाहेरून. अर्ध्या पुस्तकानंतर पत्ते उलटतात. वेडी वाटणारी नीना मुळात वेडी नव्हतीच. हा समजूतदार नवराच तिला त्या खोलीत कोंडत आला होता. केसांची मुळं काळी दिसली म्हणून शंभर केस मुळासकट उपटून दाखव, मग दार उघडतो, असल्या शिक्षा. नीना निसटते, मिली त्या खोलीत अडकते, आणि मग मिली डाव उलटवून त्यालाच आत कोंडते. त्याने दिलेल्या शिक्षा त्याला देते. पकडीने स्वतःचे दात उपटायला लावते. शेवटी तो पाण्यावाचून मरतो.

एका तरुण सुनेने मला हे पुस्तक देताना सांगितलं, "मावशी, शेवट वाचताना मी टाळ्या वाजवल्या." तिला मी उपदेश केला नाही, कारण तिची टाळी कुठून आली ते मला समजतं. आपल्याकडे दशलक्षण पर्वाचा पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. क्षमा हे वीराचं भूषण म्हणतात, पण घराघरांत ते भूषण बहुतेक वेळा बाईच्याच गळ्यात घातलेलं असतं. नवऱ्याने हात उचलला, तू क्षमा कर. सासऱ्याने माहेरचा उद्धार केला, तू क्षमा कर. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, पण आजही समाजातली चार शहाणी माणसं पहिल्यांदा "घरातली गोष्ट घरात" असंच म्हणतात. माराचा वळ पदराखाली झाकून जी बाई क्षमावाणीच्या दिवशी सर्वांत आधी हात जोडते, तिच्या क्षमेला मी क्षमा म्हणत नाही. ज्याला सूड घेण्याची ताकद आहे आणि जो घेत नाही, त्याची ती क्षमा. जिच्यापुढे दुसरा रस्ताच नाही तिची ती लाचारी असते, आणि लाचारीला धर्माचं नाव दिलं की ती आणखी सडते. अशा बाईला, अशा बाईच्या लेकीला, कागदावर का होईना, कडी एकदा बाहेरून दुसऱ्याला लागलेली पाहावीशी वाटली, तर तिच्याकडे बोट दाखवायला मी जाणार नाही.

पण म्हणून ती पानं मला चांगली वाटली असं नाही. आपल्या आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. घर चालवताना होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचं किंवा आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि ठरवून मारायचं म्हणून मारलं ती संकल्पी. श्रावकाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत हे शास्त्राने ओळखलं आहे. संकल्पी मात्र सोडायलाच हवी. किती शहाणपणाची ही विभागणी! मिलीने त्याला आत ठेवून दार लावलं, ती विरोधी हिंसा. तिला मी दोष देणार नाही, कुठलंही न्यायालय देणार नाही. पण दार लागलं, ती सुरक्षित झाली, हातात फोन आहे. तिथून पुढचा प्रत्येक तास हा संकल्प आहे. दात उपटायचं पान हे रक्षणाचं पान नाही, ते चवीचं पान आहे. लेखिकेला ते ठाऊक आहे, ती चव वाढवत नेते. आणि लक्षात घ्या, अँड्र्यूला शिक्षा द्यायची तीच पद्धत मिली उचलते, जी त्याची होती. पुस्तकात शेवटी माणूस मरतो, पण ती खोली तशीच राहते.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे येते. माझ्या मते या प्रश्नावर याच्याइतकं खोल दुसरं कुणी गेलेलं नाही. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानीत २००५ साली आलं, त्याला नाओकी पारितोषिक मिळालं, २०११ मध्ये इंग्रजी झालं. २०२३ चा 'जाने जान' हा हिंदी चित्रपट याच्यावरच बेतलेला. यासुको ही घटस्फोटित बाई, जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते, शाळकरी मुलगी मिसातोबरोबर राहते. जुना नवरा पैसे उकळायला घरी येतो, मुलीवर हात टाकतो, आणि झटापटीत मायलेकींकडून वायरने गळा आवळून मारला जातो. शेजारच्या खोलीत इशिगामी नावाचा गणिताचा मास्तर राहतो. एकलकोंडा, हुशार, यासुकोवर मनातल्या मनात जीव टाकणारा. तो दार ठोठावतो आणि म्हणतो, सगळं माझ्यावर सोडा.

पुढचं सगळं पुस्तक आपण इशिगामीच्या बाजूने वाचतो. बिचाऱ्या बाईला वाचवतोय, निरपेक्ष प्रेम आहे. पोलीस जवळ आले की आपल्या पोटात गोळा येतो. मायलेकींची हिंसा विरोधी, हे तर उघडच आहे. मग शेवटी त्याचा जुना मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक युकावा, कोडं सोडवतो. नदीकाठी सापडलेलं ते प्रेत जुन्या नवऱ्याचं नव्हतंच. इशिगामीने दुसऱ्या दिवशी एका वेगळ्याच माणसाला मारलं, त्याचा चेहरा ओळखू येणार नाही असं केलं, आणि पोलिसांना त्या दुसऱ्या दिवसाच्या खुनाचा तपास करायला लावलं. त्या दिवसाची साक्ष मायलेकींकडे पक्की होती.

कोण होता तो माणूस? नदीकाठी निळ्या ताडपत्रीच्या पालांत बेघर माणसं राहतात. इशिगामी रोज शाळेला जाताना त्यांच्यासमोरून जातो. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच तो रस्ता आपल्याला दाखवलेला आहे. कुणी डबे चेपत असतं, कुणी आणखी काही करत असतं, आणि एक नवखा माणूस असतो, अजून त्या जगण्याला न सरावलेला, यंत्रांविषयीचं मासिक वाचणारा. इशिगामीने मनात त्याचं नाव ठेवलं आहे, इंजिनिअर. बस, एवढंच. तो माणूस कामाच्या आशेने इशिगामीने सांगितलं तसं करत गेला आणि मेला. त्याचं खरं नाव पुस्तकात कुणालाच कळत नाही.

हिगाशिनोने तो माणूस लपवलेला नाही. पहिल्याच पानांत, भर उजेडात, वाचणाऱ्यासमोर बसवून ठेवला आहे. पुढे तो नाहीसा होतो तेव्हा त्याची आठवण काढत बसणारे वाचक फार नसतील. कारण आपलं सगळं लक्ष मायलेकींवर, त्या मास्तराच्या भक्तीवर. शहराला जो माणूस दिसत नाही तो वाचणाऱ्यालाही दिसत नाही, आणि हे लेखकाला आधीच ठाऊक आहे. त्याचा सगळा डाव त्यावरच उभा आहे. 'भक्ती' या गोंडस शब्दाखाली एक संकल्पी हिंसा झाकली गेली, आणि ती झाकायला लेखकाने वाचकाचाच हात वापरला.

हे पुस्तक संपल्यावर बऱ्याच जणी इशिगामीसाठी हळहळतात. मला त्यात गंमत वाटते आणि थोडी भीतीही. आपण प्रत्यक्षातही असंच करतो का? पालातला माणूस, चौकात खडे विकणारा, कचरा वेचणारी. मुंगी वाचवायला आपण पाऊल उचलून टाकतो ते बरोबरच आहे. पण त्या पालासमोरून जाताना पाऊल का उचलतो, मुंगी दिसते म्हणून की लवकर पुढे जायचं म्हणून? शास्त्राने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे जीव मोजून ठेवले. त्यात बिननावाचा पंचेंद्रिय जीव कुठे बसवायचा हे ज्याचं त्यानेच पाहायचं आहे.

इथे आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा. थ्रिलरमध्ये मरतं कोण? बहुतेक वेळा तरुण बाई. तीही मारण्याआधी छळलेली. २०१८ साली ब्रिजेट लॉलेस या लेखिकेने 'स्टॉन्च बुक प्राइझ' सुरू केलं. अट अशी की थ्रिलरमध्ये एकाही स्त्रीला मारहाण, पाठलाग, बलात्कार, लैंगिक शोषण किंवा खून झालेला नसावा. लगेच वाद उठला. गुन्हेकथा लिहिणाऱ्या काही नावाजलेल्या बायकांनीच विरोध केला. त्यांचं म्हणणं, बायकांवर जे घडतं ते लिहायचंच नाही तर ते दिसणार कसं? दोन्ही बाजूंना दम आहे. तरी मला विचाराल तर मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने झुकेन. यशोधराच्या कथेतून विष काढलं तर उरणार काय? न लिहिण्याने बायका वाचत नाहीत. पण त्या अटीने एक काम केलं. वाचणाऱ्या बायकांना थांबून मोजायला लावलं. मीही घरातल्या फळीवरच्या थ्रिलरकडे त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहते.

सुजाता मॅसी यांच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल'मध्ये, २०१८ चंच पुस्तक, बाईचं दुःख आहे पण त्याची चव घेतलेली नाही. १९२१ ची मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी वकीलबाई. तीन मुसलमान विधवा पडद्यात राहतात, त्यांच्या नावचा पैसा दान करून टाकण्याचे कागद आले आहेत, आणि पुरुष वकिलाला आत जाता येत नाही म्हणून परवीन जाते. तिचा आदर्श खऱ्या कॉर्नेलिया सोराबजींचा, ज्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला आणि ज्या ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. कादंबरीत खून आहे, पण मला लक्षात राहिला तो कागद. सही कुणी केली, का केली, वाचून केली का? आपल्यातल्या किती विधवांनी कशाकशावर 'इथे सही कर' म्हटल्यावर सही केली, हे आठवलं तर त्या खुनापेक्षा तोच गुन्हा मोठा वाटतो. परवीनच्या सासरी पाळीच्या दिवसांत तिला वेगळ्या कोंदट खोलीत बसवतात, ती पानंही आपल्याकडच्या बायकांना वाचताना परकी वाटणार नाहीत. पुस्तक मधे थोडं रेंगाळतं, पण तेवढं चालवून घ्यावं.

आणि शेवटचं एक, जे कादंबरी नाही. हॅली रूबेनहोल्ड यांचं 'द फाइव्ह', २०१९. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये पाच बायकांचे खून झाले. खुनी कधी सापडला नाही. 'जॅक द रिपर' या टोपणनावावर मात्र त्यानंतर ढिगाने पुस्तकं झाली, सिनेमे झाले, आजही त्या गल्ल्यांतून पर्यटकांना फिरवतात. रूबेनहोल्डबाईंनी खुनी बाजूला सारला आणि फक्त त्या पाच जणींची आयुष्यं शोधून लिहिली. पॉली, अ‍ॅनी, एलिझाबेथ, केट, मेरी जेन. अ‍ॅनी एका चांगल्या घरच्या गाडीवानाची बायको होती, दारूने घर सुटलं. एलिझाबेथ स्वीडनहून आलेली. केट आपल्या माणसाबरोबर गावोगाव गाण्यांच्या चोपड्या विकत फिरली. जगाने सव्वाशे वर्षं पाचही जणींना वेश्या ठरवून टाकलं होतं. त्यातल्या तिघींबाबत तसा पुरावाच नाही, हे बाईंनी कागदपत्रांवरून दाखवलं. (आणि असत्या तर काय झालं असतं?) या पुस्तकात एकाही खुनाचं वर्णन नाही. मरणाच्या दाराशी आणून लेखिका थांबते. आत जात नाही, आपल्यालाही जाऊ देत नाही.

दशलक्षणात आणि चातुर्मासातल्या इतर दिवसांत ही पुस्तकं वाचावीत का, असं मला विचारतात. 'द हाउसमेड' मी त्या दहा दिवसांत कपाटात ठेवते. उपवासाच्या पोटी ती पानं पचत नाहीत, दुसरं कारण नाही. ओस्मान चालेल, पण हसू आवरत नाही आणि सामायिकाला बसल्यावर जॉइसबाई आठवते, म्हणून तोही नको. 'सस्पेक्ट एक्स' वाचावं, पण ते दुसऱ्यांदा आणि सुरुवातीची नदीकाठची पानं सावकाश. 'द फाइव्ह' मात्र मी पर्वातही जवळ ठेवते. त्याच्या अखेरीला त्या बायकांच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंच्या याद्या दिल्या आहेत. केटची यादी सर्वांत लांब आहे, कारण तिला घर नव्हतं, सगळा संसार अंगावरच होता. एका लहान डबीत चहा, एकीत साखर. साबणाचे सहा तुकडे. एक चमचा, काही बटणं, शिवणाची टोपी, आणि एक लाल हातमोजा. एकाच हाताचा.